सतरा नंबरवर चार माणसं

अर्डिस हाकालानं एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, आणि त्या एकतीस वर्षांत तिथं एक ताट कधी कमी पडलं नाही की एक उरलं नाही. आमच्या टॅमरॅक गावात हे कोणीही सांगेल. बर्फात बस अडकून निम्मीच पोरं आली, तरी ही बाई खिडकीतून एक नजर टाकायची आणि म्हणायची, "आज एकशे बारा." घंटा वाजली की रांगेत एकशे बारा. उंच, हाडापेराची, केस मागे घट्ट बांधलेले, कानामागे पेन्सिल. लग्न केलं नाही. "नवरा यादीत बसला नाही," असं स्वतःच सांगायची आणि समोरच्याच्या आधी स्वतःच हसायची.

गावात कोणाचं मयत असो की चर्चमधली नाताळची विक्री असो, यादी अर्डिसची. लोक तिच्या याद्यांना नावं ठेवत आणि अडलं की तिच्याच दाराची घंटा वाजवत. एखाद्या वस्तूपुढे तिच्या पेन्सिलीनं टिक केली, की ती वस्तू गाडीत जाऊन बसलीच म्हणून समजावं. तिचा धाकटा भाऊ आयनो म्हणायचा, "अर्डीनं टिक केल्याशिवाय सूर्यसुद्धा वर येत नाही." तिला अर्डी म्हणणारा अख्ख्या जगात तो एकटाच होता.

या सगळ्या याद्यांमध्ये एक यादी मात्र निराळी. ती हिरव्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली असे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हेरन लेकच्या काठी, स्टेट पार्कात तंबू ठोकून तीन रात्री राहायचं, त्या मुक्कामाची ही यादी. कंदिलाच्या जाळ्या, औषधाच्या डबीत भरलेल्या काड्या, बिडाचा तवा, डासांची उदबत्ती, पत्त्यांचा जोड. दर वर्षीचा नवा कागद जुन्यावर चिकटे. यंदाचा एकोणचाळिसावा. सगळ्यांत खालचा १९८६ सालचा. तो कोणाच्या दृष्टीला पडू नये म्हणून त्याच्यावर इतके थर चढले होते, हे एकट्या अर्डिसला ठाऊक होतं.

त्या पार्कात पाण्याकाठची जागा मिळणं ही लढाईच असते. ज्या दिवशी जायचं, त्याच्या बरोबर सहा महिने आधी सकाळी आठला नोंदणी उघडते आणि आठ वाजून दोन मिनिटांनी काठच्या जागा संपतात. म्हणून अठरा जानेवारीला, अर्ध्या खिडकीपर्यंत बर्फ चढलेला असताना, अर्डिस कॉफीचा मग घेऊन पावणेआठलाच कॉम्प्युटरपुढे बसली. आठचा ठोका पडला. जागा सतरा. तारखा. नाव. मग ती चौकट आली : माणसं किती? चौकटीत गेल्या वर्षीचा आकडा आधीच येऊन बसला होता. तीन.

जाणाऱ्या तर दोघीच असत. अर्डिस आणि आयनोची बायको लेम्पी.

१९८६ साली मात्र खरोखर तिघं गेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे, धुकं पाण्यावर बसलेलं असताना, एकतीस वर्षांचा आयनो एकटाच होडी घेऊन मासे धरायला गेला. दुपारी होडी लव्हाळ्यात सापडली. वल्हं आत नीट आडवं ठेवलेलं. आयनो सापडला नाही. आठ दिवस माणसं गळ टाकून शोधत होती. हेरन लेकचा तळ गार आहे, तो घेतलेलं परत देत नाही, असं म्हातारी माणसं तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात.

पुढच्या वर्षी लेम्पी म्हणाली, "मी जाणार. तो आला आणि तिथं कोणीच नसलं तर?" तिला एकटीला कसं जाऊ द्यायचं? अर्डिसनं पार्कात फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "गेल्या वर्षीसारखंच लिहू?" अर्डिस म्हणाली, "हो." दोघी जाऊन पोहोचल्या, तर सतरा नंबरच्या खांबाला चिठ्ठी लावलेली : हाकाला, माणसं तीन. दोघींनी ती वाचली. तंबू ठोकला.

तो आकडा मग कधी उतरलाच नाही.

एका वर्षी पार्कचा नवा रेंजर सकाळी फेरीवर आला. टोपी काढून मोठ्या अदबीनं म्हणाला, "तुमच्यातल्या त्या गृहस्थांना सांगा, एवढ्या पहाटे होडी खडीवरून ओढत नेऊ नका. शेजारचे जागे होतात." लेम्पीच्या हातातला कप तसाच राहिला. होडी त्यांच्याकडे नव्हती. आयनोनंतर होडी त्यांनी कधी आणलीच नव्हती. "सांगते," अर्डिस म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आणि ते जॅकेट. आयनोचं नारिंगी लाइफ जॅकेट अर्डिस दर वर्षी सगळ्यांत आधी पेटीत घाली आणि तिथं गेल्यावर कंदिलाच्या आकड्याला टांगून ठेवी. लेम्पी विचारीत नसे. सकाळी उठून बघावं तर शेजारचा टॉवेल कोरडा, टेबल कोरडं, आणि जॅकेट मात्र ओलंचिंब, खालून थेंब गळतायत. एकदा त्याच्या बक्कलात शेवाळाची हिरवी तार निघाली. अर्डिसनं ती बोटानं सोडवली आणि कोणाला न दाखवता चुलीत टाकली.

तर, चौकटीत तीन. आणि या वर्षी, गंमत बघा, आकडा खरा होणार होता. आदल्याच संध्याकाळी लेम्पीचा फोन आला होता.

"अगं, मी लग्न करतेय," लेम्पी म्हणाली, जशी काही दूध आणायला निघाली होती.

"कोणाशी?"

"क्लॉड बुशारशी. दुसरं कोण माझ्या मागे लागलंय? अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या दाराशी काय रांग असते?"

"तो बर्फ काढायच्या गाडीवरचा?"

"रिटायर झाला तो. आता नुसता घोरतो. ऐक, सप्टेंबरात लग्न आहे. त्याआधी त्याला तलावावर न्यायचंय. आयनोच्या कानावर घातल्याशिवाय मी चर्चमध्ये उभी राहणार नाही. आणि अर्डिस, हे शेवटचं बरं का. माझे गुडघे आता मला जमिनीवर झोपू देत नाहीत."

अर्डिसनं अभिनंदन केलं. फोन ठेवला. आणि फोनजवळच्या खुर्चीत किती तरी वेळ बसून राहिली. लेम्पीला सांगायची एक गोष्ट तिच्या पोटात अडतीस वर्षं होती. पुढच्या वर्षी सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असं करत तिनं ती सांभाळली होती. आता पुढचं वर्षच उरलं नव्हतं. सप्टेंबरनंतर लेम्पी दुसऱ्या घरची होणार, आणि ज्या बाईचा संसार मोडला तिलाच तो का मोडला हे कधी कळणार नाही.

लेम्पी, क्लॉड आणि आपण. तीन. अर्डिस चौकटीकडे बघत राहिली. आठ वाजून एक मिनिट झालं. तीनच ठेवायचे, तर आयनोच्या जागेवर क्लॉड. तिच्या बोटानं तिला न विचारताच तीन पुसले आणि चार केले.

जुलैच्या सोळा तारखेला लेम्पी सामान बांधायला आली. बुटकी, गोल, बोलकी बाई. चाळीस वर्षं केस कापायचं दुकान चालवलेलं, त्यामुळे हात आणि तोंड बरोबरीनं चालायचं.

"पास्टी मी करून आणते," ती म्हणाली. "कणकेच्या पारीत भरपूर खिमा आणि बटाटा. तुझ्यासारखी निम्मा सलगम घालून माणसं मारत नाही."

"सलगमाशिवाय ती पास्टी नव्हे. माझ्या आजीनं खाणीतल्या माणसांना..."

"तुझ्या आजीकडे खिमा घ्यायला पैसे नव्हते, अर्डिस! चवीचं कौतुक नको सांगू मला." बोलता बोलता लेम्पीनं दूध काढायला फ्रीज उघडला. फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली पार्कची पावती होती. ती वाचून लेम्पी थांबली. "हे काय? चार?"

"पत्त्यांना चौथा लागतो," अर्डिस म्हणाली. युकरचा डाव चौघांचा, हे खरंच होतं. पण तिचा आवाजच तिला सामील झाला नाही.

लेम्पी वळली. "अगं, खांबावरची चिठ्ठी मला काय वाचता येत नव्हती इतकी वर्षं? तीन, तीन, तीन. मी म्हटलं, असू दे, तिला बरं वाटतं. पण आता क्लॉड येतोय, तरी त्याची वेगळी जागा? काय चाललंय तुझ्या मनात?"

अर्डिसनं ओट्यावरची सुरी घेतली, हिरव्या पेटीचं झाकण उघडलं आणि कागदांच्या त्या जाड थराखाली सुरीचं पातं घातलं. वाळलेली खळ कडकड वाजली. एक एक साल निघत गेलं. सगळ्यांत खाली पिवळा पडलेला कागद होता. अर्डिसनं त्यावर बोट ठेवलं.

'लाइफ जॅकेटं, तीन.' आणि पुढे पेन्सिलीची ठसठशीत टिक.

"त्याच्या जॅकेटला माशांचा वास येत होता," अर्डिस म्हणाली. "मी धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकलं. वाळेलच निघेपर्यंत, म्हणून टिक आधीच केली. त्या पहाटे त्यानं तंबूत डोकं घालून विचारलं, 'अर्डी, जॅकेट कुठंय?' मी डोळेसुद्धा उघडले नाहीत, लेम्पी. मी म्हटलं, 'यादीत टिक आहे ना? मग आहे गाडीत.' आणि कूस बदलली. चार दिवसांनी घरी आले, तर ते दोरीवर हलत होतं. खडखडीत वाळलेलं."

लेम्पीनं तो कागद वाचला. पुन्हा वाचला. मग आपली पर्स उचलली आणि निघून गेली. आयुष्यात लेम्पीनं कधी दार न आपटता लावलं नव्हतं. आज ते इतकं हळू लागलं की अर्डिसला ते लागल्याचं कळलंच नाही.

अठराला सकाळी नऊला निघायचं ठरलं होतं. अर्डिस पेटी घेऊन पायरीवर बसली. नऊ वाजले. साडेनऊ झाले. समोरच्या घरातली बाई झाडांना पाणी घालून आत गेली. पावणेदहाला अर्डिसनं कानामागची पेन्सिल काढून खिशात टाकली. आता कशावर टिक करायची? इतक्यात कोपऱ्यावरून क्लॉडचा निळा ट्रक वळला. पुढच्या सीटवर मांडीवर पास्टीचं पातेलं घेऊन लेम्पी बसली होती. तोंड समोर.

"बस," ती म्हणाली.

चाळीस मैल क्लॉड एकटाच बोलला. देवानं त्याला मोठं पोट आणि मोठं मन दिलं होतं, आणि गप्प बसलेल्या दोन बायकांमध्ये गाडी हाकायचा त्याला पहिल्या संसाराचा सराव होता. फाटकावर त्यानं सात डॉलरला जळणाची मोळी घेतली. बाहेरचं लाकूड आत न्यायची बंदी आहे, किडीमुळे. शिवाय पार्काकडून तीन दिवसांसाठी एक होडी भाड्यानं घेतली. त्या होडीकडे दोघींनी पाहिलं आणि मान फिरवली.

खांबावर चिठ्ठी होती : हाकाला, माणसं चार.

"चौथा मागून येणार वाटतं?" क्लॉड म्हणाला. तंबू उभे राहिले. अर्डिसनं जॅकेट आकड्याला टांगलं.

आमच्याकडे जुलैत नऊ-साडेनऊपर्यंत उजेड रेंगाळतो. जेवणं झाली. क्लॉडनं पत्ते पिसले आणि हाताच्या सवयीनं चौघांचे वाटले. चूक ध्यानात येऊन तो चौथ्याचे पत्ते गोळा करायला लागला.

"राहू दे तिथं," लेम्पी म्हणाली. दोन दिवसांतले तिचे हे पहिले नीट शब्द. "क्लॉड, जरा पाणी घेऊन ये नळावरून."

"घागर भरलेली आहे."

"मग ओत आणि परत भर."

क्लॉड शहाणा होता. गेला. तलावावर एक लून पक्षी वेड्या माणसासारखा हसला आणि गप्प झाला. लेम्पी पालथ्या पडलेल्या पाच पत्त्यांकडे बघत बोलली.

"मी जागी होते, अर्डिस. तुमचं बोलणं मी ऐकलं होतं. तो गाडीकडे जाऊन परत माझ्याकडे आला. म्हणाला, 'जॅकेट नाहीये गाडीत.' मी म्हटलं, 'मग नको जाऊस.' तर हसला. म्हणाला, 'अर्डीला सांगू नकोस. ती आत्ता उठून चाळीस मैल गाडी हाकत जाईल आणि जॅकेट घेऊन येईल. झोपू दे तिला. उन्हं यायच्या आत येतो.' आणि मी... मी पुन्हा झोपले. त्याचा पाय धरायला हवा होता मी."

"तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? की जॅकेट नाही हे ठाऊक असून मी त्याला जाऊ दिलं? मला वाटायचं, तू ते अर्धवट झोपेतलं विसरलीस. बोलले, तर तुला आठवेल." लेम्पीनं नाक पुसलं. "आणि असतं ना जॅकेट, तरी काय घातलं असतं त्यानं? बुडाखाली घेऊन बसायचा. गादी म्हणायचा त्याला. कितीदा भांडले मी!"

अर्डिसच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे घागर घेऊन परतलेल्या क्लॉडलाही कळलं नाही. तो बिचारा ओल्या पायांनी तिथंच उभा राहिला.

पहाटे अर्डिसला जाग आली ती आवाजानं. खडीवरून होडी ओढल्याचा आवाज. तंबूचं कापड राखाडी उजळलेलं. आणि त्या कापडाला अगदी तोंड लावून कोणी तरी हळूच विचारलं,

"अर्डी, जॅकेट कुठंय?"

मनात आलं, हे स्वप्न आहे, पडून राहावं, कूस बदलावी. आणि त्या विचारासरशी ती उठली. बहात्तराव्या वर्षी, मोजे घातलेल्या पायांनी, तंबूची चेन खेचत बाहेर आली.

बाहेर कोणी नव्हतं. धुकं इतकं दाट, की तलाव होता की नव्हता कळेना. दव मात्र पावसासारखं पडलेलं. टेबलावरून पाणी ओघळत होतं, टॉवेल पिळून काढावा असा, आणि रात्री राहिलेले पाच पत्ते भिजून फुगले होते. तिनं आकड्यावरच्या जॅकेटला हात लावला.

ते कोरडं होतं. खडखडीत. तिनं आत हात घातला. आत ऊब होती, आत्ताच कोणी तरी अंगातून उतरवून टांगल्यासारखी.

पाण्याच्या कडेला काही तरी हललं. अर्डिस जॅकेट छातीशी धरून तशीच धावली. क्लॉड होडीत बसून वल्हं सावरत होता.

"तू हाक मारलीस मला?" तिनं विचारलं.

"मी? छे गं. मी तर चोरासारखा निघालो. म्हटलं, दोघी झोपल्यात."

"जॅकेट कुठंय तुझं?"

क्लॉड ओशाळून हसला आणि किंचित उठला. पार्कचं नवंकोरं जॅकेट त्यानं बुडाखाली घेतलं होतं. "बाक कडक आहे फार."

अर्डिस मोज्यांसकट गुडघाभर पाण्यात शिरली. "ते अंगात घाल. आत्ता. माझ्यासमोर." एकशे बारा पोरांना रांगेत उभं करणारा तो आवाज होता. क्लॉडनं मुकाट्यानं जॅकेट चढवलं. तिनं स्वतः बक्कलं लावली, तिन्ही, आणि ओढून बघितली. मग आयनोचं जॅकेट क्षणभर हातात तोललं आणि त्याच्यापुढे धरलं. "बसायला हे घे."

क्लॉडनं ते खाली घातलं, बसला आणि चमकला. "अगं, हे गरम कसं?"

"जा तू," अर्डिस म्हणाली.

होडी धुक्यात शिरली आणि पुसून गेल्यासारखी झाली. लेम्पी कधी येऊन शेजारी उभी राहिली, हे अर्डिसला कळलं नाही. दोघींनी एकमेकींचा हात धरला नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. पण खांदे टेकले होते. वल्ह्याचा आवाज लांब गेला. मग तोही थांबला. अडतीस वर्षांपूर्वी या वेळेला दोघी झोपलेल्या होत्या.

पलीकडच्या झाडांवर उन्हाची पहिली रेघ पडली. दोघी तिथंच उभ्या राहिल्या. आणि धुक्यातून आधी आवाज आला, मग होडीचं टोक, मग नारिंगी छाती पुढे काढलेला क्लॉड. दोन मासे होते. पण त्याचा चेहरा मासे मिळालेल्या माणसाचा नव्हता.

"ते जुनं जॅकेट गेलं," तो काठाला लागताच म्हणाला. "मी मासा ओढायला वाकलो, तर खालून सरकून पाण्यात. चूक माझी. पण अर्डिस, बुडालं नाही ते. उभं राहिलं पाण्यात, माणसानं घातल्यासारखं. आणि वारा तर माझ्या तोंडावर, तरी ते वाऱ्यावर उलटं गेलं, सरळ मध्याकडे. मी हाका मारल्या. जॅकेटला! वेड लागलं म्हणाल मला."

"नाही म्हणणार," लेम्पी म्हणाली. "ये वर. पायजमा बघ तुझा."

अर्डिस टेबलाकडे गेली. हिरवी पेटी उघडली. झाकणावर आता एकच कागद होता, पिवळा. 'लाइफ जॅकेटं, तीन.' पुढची टिक तिनं बोटानं चाचपून पाहिली. रबर खिशात होतं, पण ते काढायची गरज तिला वाटली नाही. जॅकेट पोहोचलं होतं.

"कप किती मांडू?" लेम्पीनं चुलीजवळून विचारलं.

अर्डिसनं पाण्याकडे पाहिलं. धुकं उठत होतं. तिनं मोजलं, एकशे बारा पोरं मोजायची तितक्याच शांतपणे.

"तीन," ती म्हणाली.